डबा काढल्यावर

आमच्या धंद्यात एक खूळ आहे. चांगली चालणारी गाडी घेऊन गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, हिचा कंपनीचा हवेचा डबा काढा, उघडा फिल्टर लावा, पिकअप वाढवायचाय. मी प्रत्येकाला खरं तेच सांगते. वाढतो तो मुख्यतः आवाज. इंजिन हवा ओढतं तो आवाज दाबायलाच कंपनीनं तो प्लॅस्टिकचा डबा दिलेला असतो. डबा काढला की गाडी घोरायला लागते आणि मालकाला वाटतं, धावायला लागली. स्वतःला चालवता येत नाही आणि दोष डब्याला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तरी महिन्याला चार-पाच डबे मी काढतेच. पोट कुणाला चुकलंय?

म्हणून खुद्द आईनं तसं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. आई सत्तरीला टेकलेली. चढावरच्या शेवटच्या घरात एकटी राहते आणि बाबांची जुनी गाडी स्वतः चालवते. भाजी, दवाखाना, वाचनालय, सगळं खाली. माझं वर्कशॉप आणि खोलीही खालीच. मी तिला खाली बोलवायचे आणि ती दर वेळी एकच उत्तर द्यायची. गाडी आहे तोवर मी इथं, गाडी गेली की मला उचला.

"चढावर धापा टाकते गं," ती म्हणाली. "ह्यांच्यासारखी. मला ऐकवत नाही."

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते मेकॅनिक, मला धंदा त्यांनीच शिकवला. छातीच्या दुखण्यानं त्यांना शेवटी आडवं होता येईना, म्हणून ते शेडमधल्या या गाडीतच झोपायचे, पुढची सीट अर्धी मागे करून. आई स्टिअरिंगच्या बाजूला विणकाम घेऊन बसायची. बाबा मला दहाचा पाना म्हणायचे, कारण हवा तेव्हा मी कधीच सापडायचे नाही. ते गेले त्या दुपारीही मी सापडले नाही. फोन वाजत होता आणि मी कुणा हौशी पोराच्या गाडीला घोरायला शिकवत होते.

तर एका रविवारी वर जाऊन मी तो डबा काढला. आतला फिल्टर काळाकुट्ट झाला होता. सरळ नळी टाकली, टोकाला शंकूसारखा मोठा फिल्टर बसवला, इंजिनची गरम हवा आत जाऊ नये म्हणून मध्ये पत्रा कापून लावला. काम चालू असताना नळीच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. हा बाबांचा नियम. उघडं तोंड उघडं सोडायचं नाही, एक नट आत पडला की इंजिन गेलं. दीड तासात सगळं झालं आणि गाडी तो चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसेना.

पुढच्या रविवारी आकडे बघावे म्हणून स्कॅनर घेऊन गेले. नळीत एक सेन्सर असतो, सेकंदाला किती हवा आत जातेय ते तो सांगतो. मी किल्ली नुसती फिरवली, इंजिन चालू केलं नाही. अशा वेळी आकडा शून्य असतो. तो शून्यावरून हळूच वर चढला, खाली आला, पुन्हा चढला.

सेन्सर बिघडला, दुसरं काय असणार. नवा बसवला. तेच. वारा असेल म्हणून शेडचं दार लावलं, खिडकीच्या फटीत कागद कोंबले. तेच. शेवटी आईच्या डब्यातला शिवणाचा दोरा घेतला आणि फिल्टरसमोर धरला. दोरा आत ओढला गेला, सैल पडला, पुन्हा ओढला गेला. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा. तीन सारखे, आणि चौथ्याच्या शेवटी एक बारीक शिट्टी.

ती शिट्टी मी लहानपणभर ऐकली होती. दुपारच्या झोपेत बाबांच्या नाकातून ती यायची. आई म्हणायची, कुकर कुठे लावलाय बघ गं.

मी घरात गेले. आई भांडी पुसत होती. माझ्या तोंडाकडे तिनं एकदा पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू डबा काढलास तेव्हापासून. मी जेवण झालं की जाऊन बसते. आता कसा सुखानं श्वास घेता येतो त्यांना."

मी मोजमापावर जगणारी बाई. भुताखेतांची टिंगल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण त्या दुपारी मी गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि दोन वर्षं तुंबलेलं सगळं रडून घेतलं. आई पुढे विणत होती. तिनं वळून पाहिलं नाही, नुसता हात मागे केला. मी तो धरला.

पुढचे रविवार असेच गेले आणि ते सुखाचे होते, हे मी लपवत नाही. खुळं असेल, पण होते.

मग वार्षिक तपासणीची तारीख आली. सोमवार. तपासणी केंद्रावरचा चष्मेवाला बॉनेट उघडून पाहतो आणि कंपनीचा डबा नसला की गाडी नापास करतो. नापास गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे आईचं वरचं घर सुटलं. मी तिला समजावलं, की जुना डबा मी धुऊन ठेवलाय, शनिवारी बसतोय का बघते, सोमवारी केंद्राच्या दारात लावते आणि तपासणी झाली की तिथल्या तिथे काढते. डबा बसला तरी हवा जातेच, गाडी त्यावर इतकी वर्षं चालली. आणि चष्मेवाल्यासमोर फार तर अर्धा तास.

"अर्धा तास तू तोंडावर उशी घेऊन बसशील का?" आईनं विचारलं.

मी चिडले. म्हटलं, मग घर सोडायची तयारी ठेव. ती विणकाम उचलून शेडमध्ये गेली.

शनिवारी दुपारी मी वर गेले तेव्हा आई गाडीत झोपली होती. मांडीवर लोकरीचा गुंडा, सुया तशाच हातात. मी किल्ली फिरवून स्कॅनर लावला, बॉनेट वर केलं. क्लॅम्प सैल करून फिल्टर काढला आणि सवयीनं नळीच्या तोंडात फडकं कोंबलं. डबा उचलायला वळले.

शेड एकदम शांत झाली.

स्कॅनरवर शून्य. ते अपेक्षितच होतं. बॉनेट वर असलं की त्याच्या खालच्या फटीतून काचेपलीकडचं दिसतं. मला आईचे हात दिसले आणि मांडीवरचा गुंडा. मघाशी तो वरखाली होत होता. आता होत नव्हता.

झोप लागलीय, मी स्वतःला सांगितलं. आणि मोजायला लागले. सात. आठ. अकरा.

फडकं ओढून काढलं. आकडा वर चढला. गुंडा वर आला.

एकदा घडतं तो योगायोग, असं बाबा म्हणायचे. दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय निदान करायचं नाही.

म्हणून मी फडकं पुन्हा कोंबलं. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

गुंडा थांबला. आईच्या बोटांतली एक सुई निसटली आणि खाली पडली. ती जागी झाली नाही.

मी फडकं काढलं, फिल्टर बसवला, क्लॅम्प आवळला. पाना दोनदा खाली पडला. आतून आईचा झोपाळू आवाज आला.

"झालं का गं?"

"झालं," मी म्हटलं.

सोमवारी आम्ही गेलो नाही. गाडी शेडमध्येच उभी आहे, आता ती रस्त्यावर येणार नाही. आईचं घरही सुटलं नाही, कारण खालची खोली सोडून मीच वर राहायला आले. तिला वाचनालयात माझ्या गाडीतून नेते. मी सामान आणलं त्या दिवशी ती शेडमध्ये जाऊन गाडीत बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "अहो, दहाचा पाना सापडला." नळीतून लगेच ती बारीक शिट्टी आली, चौथ्या श्वासाची वाट न पाहता, दोन श्वास आधीच.

महिन्यातून एकदा फिल्टर धुवावा लागतो. सुकेपर्यंत दुसरा बसवते, पण काढण्या-बसवण्यात अर्धं मिनिट जातंच. तेवढा वेळ तोंड उघडं ठेवता येत नाही. धूळ आत जाईल, आणि ती कुणाच्या छातीत जाऊन बसेल हे आता मला माहीत आहे. म्हणून मी आधी आईला हाक मारते. "आई, मोठा श्वास घे." ती गाल फुगवून, लहान मुलीसारखी डोळे मिटून छाती भरून घेते. नळीतही तेवढीच हवा लांबवर आत जाते. मग मी फडकं कोंबते आणि भरभर हात चालवते.

गेल्या महिन्यात फडकं कोंबून क्लॅम्पवर वाकले, तर माझ्याच छातीत हवा जाईना. कसाबसा फिल्टर बसवला तेव्हा श्वास परत आला. आईला काही सांगितलं नाही. आता तिला हाक मारली की तिच्याबरोबर मीही श्वास भरून घेते.