भेगेतून योआन बोलत होता

ही घडलेली गोष्ट आहे. माएलनं ती मला फ्रान्सच्या डोंगरांतल्या शामोनीत, तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितली. सांगताना मधेच उठून ती खिडकीतून बघायची... नवरा परत आला का म्हणून.



मार्च महिना. लखलखीत ऊन. रात्र नाही, वादळ नाही. भर दुपार.

माएल, तिचा नवरा योआन, मैत्रीण सोलेन आणि गाईड ओनोरे केबल कारनं वर गेले होते. आखलेल्या वाटा सोडून, हिमनदीवरून स्की करत खाली यायचं. ओनोरेचे केस याच बर्फात पांढरे झालेले.

"माझ्या डावीकडे कोणी जायचं नाही," त्यानं बजावलं. "तिकडे बर्फाखाली भेगा आहेत."

"ऐकलंस का रे?" सोलेन योआनला म्हणाली. "सकाळी अख्खं सॉसेज चेपलंयस. बर्फाला पेलायचं नाही."

"तू आधी न पडता उतरून दाखव, बाई!"

हसत हसतच निघाले.

मोठा उतार संपला तशी माएलनं मागे वळून पाहिलं.

योआन नव्हता.

वर, बर्फात एक भोक होतं... आणि आवाज कसलाच नव्हता.

धापा टाकत तिघं भोकापर्यंत चढून आले.

"योआन!"

मग, फार खोलवरून...

"आहे गं. एका कपारीत अडकलोय."

ओनोरेनं स्की बर्फात आडवी पुरली, तिला दोर बांधला, खाली सोडला. योआननं तो कमरेच्या पट्ट्यात अडकवला.

"ओढा," तो म्हणाला. मग एकदम हळू... "इथे कोणीतरी आहे."

"कोण?"



तिघांनी जीव खाऊन ओढलं. योआन वर आला. ओठ निळे, पापण्यांवर बर्फ. माएलनं त्याला मिठी मारली, रडली, चार शिव्याही हासडल्या.

सोलेन त्याला थर्मासमधला चहा पाजत होती, इतक्यात...

"माएल? दोर सोडताय ना?"

भेगेतून. योआनचा आवाज.

सोलेनच्या हातातला कप पडला. वर बसलेला योआन भेगेकडे शांतपणे बघत होता.

"चिमणे, बोल ना काहीतरी. फार अंधार आहे गं."

चिमणे. तिला असं एकटा योआनच म्हणायचा. तेही घरात, कोणी नसताना.

"ओनोरे, दोर सोडा!" माएल किंचाळली.

"पोरी, तुझा नवरा समोर बसलाय."

"सोडा म्हणते ना!"

त्यानं सोडला. क्षणभर काहीच नाही. मग हिसका बसला... दोर ताठ झाला.

"धरला! ओढा!"

तिघं टाचा रोवून ओढत राहिले. दोर वीतभरही सरकेना.

"अरे, हात लाव की!" सोलेन योआनवर ओरडली.

तो जागचा हलला नाही.

"नका ओढू," एवढंच म्हणाला.

आणि दोर सैल पडला. वर आला तेव्हा टोकाची कडी बंद होती. तिच्यात काही नव्हतं.

खाली कोणीतरी रडायला लागलं.

"तुम्ही उतरा ना," माएल ओनोरेच्या पाया पडायची बाकी होती.

"उतरेन. पण मला वर कोण ओढणार? तुम्ही दोघी?" म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. "आणि तो?"

त्यानं रेडिओवरून मदत मागवली. हेलिकॉप्टर आलं, माणूस भेगेत उतरला. कपारीत योआनची एक स्की मिळाली. माणूस कोणी नाही. तो खाली होता तोवर आवाजही बंद होता.

हेलिकॉप्टरमध्ये चढताना, त्या घरघरीतसुद्धा, माएलला पुन्हा ऐकू आलं...

"चिमणे, कुठे चाललात?"

दार बंद झालं.

बरीच वर्षं झाली. योआन कामाला जातो, स्वयंपाक करतो, कधी भांडत नाही.

"सोडून का जात नाहीस?" मी विचारलं.

"आणि हाच खरा असला तर?" माएल म्हणाली.

हिमनदी सरकत असते. गिळलेलं कधी ना कधी खाली तोंडाशी आणून टाकते. दर उन्हाळ्यात माएल तिथल्या दगडधोंड्यांत फिरते. कशासाठी, ते तिनं योआनला कधीच सांगितलेलं नाही.

ती परतते तेव्हा तो दारात उभा असतो.

"आजही नाही ना सापडला?" तो विचारतो.