पाना अजून आत आहे

"चल ना! पाच मिनिटांत इंजिन सुरू होतंय!" दादा ओरडला.

चिमणी हलली नाही. आत्याच्या जेट इंजिनांच्या कारखान्यात हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती. हत्यार जागेवर नसलं, की आकृती रिकामी दिसायची. आज एकही रिकामी नव्हती. फक्त बारा नंबरच्या पान्याच्या जागी चहाचा चमचा लटकत होता.

"फोरमनकाका, इथला पाना?"

"काल इंजिनाच्या तोंडाशी वापरला होता. सापडेल! फळा भरलेला दिसतोय ना? मग झालं!" असं म्हणून काका केबिनमध्ये शिरले आणि आतून कडी लावली.

चिमणी दादाकडे धावली. "दादा, जेट इंजिन चालतं कसं? थोडक्यात!"

दादाला थोडक्यात जमत नसे. "समोरून हवा ओढतं, दाबतं, इंधन जाळून तापवतं आणि जोरात मागे फेकतं. हवा मागे, विमान पुढे! पण वेगाला मर्यादा असते हं. मागे फेकलेल्या हवेच्या वेगापुढे विमान जाऊ शकत नाही. आणि इंधन फार जाळलं तर आतली पाती वितळ—"

"हवेबरोबर पाना ओढला गेला तर?"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "पाती तुटून गोळ्यांसारखी उडतील."

आणि आत्या तेलाची गळती बघायला इंजिनाशेजारीच उभी होती! चाचणीखोलीचं दार बंद झालं होतं. दोघांनी केबिनच्या काचेवर धपाधप बुक्के मारले. कानांवर हेडफोन चढवलेल्या काकांनी हसून टाटा केला.

काचेबाहेर 'आत' असं लिहिलेल्या खिळ्यावर आत्याचा बिल्ला होता. सुरू करण्याआधी काका तिथले बिल्ले माइकवर वाचत आणि आतला माणूस 'हजर' म्हणे. चिमणीने स्वतःच्या पाहुण्यांच्या बिल्ल्यामागे काहीतरी खरडलं आणि ती बाजू काकांकडे करून तो शेजारी टांगला.

काकांचं बोट बटणावर गेलं. भोंग्यातून हजेरी घुमली.

"इंजिनीअरबाई!"

"हजर!"

"पाना, बारा नंबर!" काकांनी सवयीने वाचून टाकलं.

 चिमणीने काचेला नाक लावलं.

"कोण पाना?" आत्याचा आवाज कडाडला. "बटणाला हात लावू नका!"

आत्याने इंजिनाच्या तोंडात टॉर्च मारला. पहिल्या पात्यापासून वीतभर अंतरावर पाना आरामात पडला होता.

बाहेर येऊन आत्याने चिमणीला घट्ट कवटाळलं. "शाब्बास गं! दोघांनी जीव वाचवलात माझा!"

"पोरं माझ्यापेक्षा शहाणी निघाली," काका मान खाली घालून पुटपुटले.

त्या दिवसापासून ते हत्यारांचीही हजेरी घेतात. चमचा सध्या गैरहजर असतो.