हवा धरली

दुपारी साडेबाराला लाइट गेली तेव्हा आरोही टाकीच्या कठड्यावर बसून पेरू खात होती, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. उजनीच्या पाण्याकाठच्या त्या पत्र्याच्या शेडात आठ हजार बोटुकली होती, म्हणजे कटला माशाची बोटभर पिल्लं. दहावीतल्या आरोहीवर ती आज पहिल्यांदाच सोपवून पप्पा अकलूजला गेले होते. आता काही घडलंच नाही तर आपली हुशारी दिसणार कशी?

टाकीत हवा सोडणारी मोटर थांबली. बुडबुडे थांबले. अर्ध्या तासात हवा सुरू झाली नाही तर सगळी पिल्लं उलटी तरंगतील, हे तिला पाठ होतं. तिनं ऐटीत जनरेटरची चावी फिरवली. घुर्र, घुर्र, घुर्र. इंजिन पकडेना.

"कर आता शायनिंग," मथुराआत्या दारातून म्हणाली.

आरोहीनं फोन लावला.

"डिझेल हाय का?" पप्पांनी विचारलं.

"हाय की, अर्धी टाकी."

"मग इंजनानं हवा धरली असंल. पंपावरचा स्क्रू ढिला कर आन् हातानं पंप मार. आधी फेस येईल. निवळ डिझेल आलं की आवळ. जमंल का?"

"पप्पा! जमंल का काय विचारताय!"

पाना लावला, स्क्रू सैल केला. फसफस करत पांढरा फेस आला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, फेस काही संपेना. दमून तिनं हात थांबवला तरी येतच राहिला. थोडा येई, थांबे. थोडा येई, थांबे.

ती वाकून बघत राहिली आणि एकदम खिदळली. भरभर श्वास घेतला, फेस भरभर. सावकाश घेतला, सावकाश.

"आत्या, बघ की! हे माझी नक्कल करतंय!"

"नकला नंतर कर. टाकीत बघ."

आरोहीनं मागं वळून पाहिलं. सगळी पिल्लं वर आली होती. पाण्यावर नुसती तोंडं. उघडत होती, मिटत होती.

तिनं श्वास धरला.

फेस थांबला. स्क्रूतून निवळ, पिवळसर डिझेल ओघळलं. तिनं आवळलं, चावी फिरवली, आणि धाडधाड करत इंजिन पेटलं! आत्यानं टाळ्याच वाजवल्या. टाकीत बुडबुडे उसळले.

आरोहीनं हुश्श केलं. इंजिन आचके देऊ लागलं.

श्वास धरला, तसं सरळ चाललं.

तिनं खुणेनं आत्याला सांगितलं, तू धरून बघ. आत्यानं गाल टम्म फुगवले, डोळे वटारले. आरोहीनं जरासा श्वास सोडला, तर इंजिन पुन्हा आचके देऊ लागलं; आत्याच्या श्वासाचं त्याला काही नव्हतं. आरोहीला हसू आवरेना, पण ते तिनं गिळलं आणि पुन्हा श्वास धरला.

ती मनात आकडे मोजू लागली. साठ. शंभर. तीनशे. छातीत काही दुखेना. वर्गात सांगितलं तर कुणाला पटणार होतं!

"बास कर की आता," बऱ्याच वेळानं आत्या हळूच म्हणाली. आरोहीनं टाकीकडं बोट दाखवलं. पिल्लं एकेक करून खाली निघाली होती.

तीनला लाइट आली. तिनं जनरेटर बंद केला. तेवढ्यात फोन वाजला.

"चालला का गं?"

"दोन तास चालला पप्पा! एक पिल्लू मेलं न्हाय!"

"आन् तू काय करत होतीस?"

"श्वास धरून बसले होते."

पप्पा खो-खो हसले. "लई हायेस तू!" आरोहीही हसली, अगदी मोकळं, पत्रे दणाणतील असं.

आत्या हसली नाही. तिनं आरोहीच्या नाकाखाली आडवं बोट धरलं होतं. फोन ठेवून झाला तरी ते तिथंच होतं. मग आत्यानं बोट जिभेला लावून ओलं केलं आणि पुन्हा तिथंच धरलं.