बाकाखालची जागा

उद्या तलावावर जाताय ना सगळे? जा. मी अडवत नाही. मोटारबोट ठरलीय, गाण्यांची यादीही झालीय म्हणे. छान. फक्त तो मोबाइलचा उजेड माझ्या डोळ्यांवरून काढ रे, आणि जरा जवळ सरका. ही गोष्ट मला मोठ्यानं सांगायची नाही. खाली तुमची काकू जागी आहे, आणि तिलाही यातलं सगळं ठाऊक नाही.

माझ्या घड्याळांच्या दुकानाला लागून एक गाळा होता. तिथे गाड्यांमध्ये स्पीकर बसवून देणारा एक कारागीर बसायचा. चटकन तापायचा, म्हणून अख्खी गल्ली त्याला फ्यूज म्हणायची. अगदी तोंडावर म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा. कामाला मात्र एक नंबर माणूस.

गेल्या वर्षी सप्टेंबरात त्याच्याकडे एक दातांचा डॉक्टर आला. तलावावर त्याची छोटी बोट होती, सहा माणसांची. रविवारी वडिलांना घेऊन फिरायचा. वडील कोर्टात टायपिस्ट होते, सगळे त्यांना टायपिस्टकाका म्हणायचे. चाळीस वर्षं टकटक ऐकून त्यांचे कान पार गेले होते. कानातलं यंत्र पाण्यात पडेल या भीतीनं ते बोटीत काढून ठेवायचे, आणि मग गाणी ऐकू येत नाहीत म्हणून खट्टू होऊन बसायचे.

"आत्ताचे स्पीकर म्हणजे नुसती डबडी आहेत," डॉक्टर म्हणाला. "बाबांना ऐकू जाईल असं काहीतरी बसव. त्यांच्यासाठीच करतोय."

चांगल्या मनानं आला होता हो.

फ्यूजनं नवे चार स्पीकर घेतले, अ‍ॅम्प घेतला, आणि बेसचा एक भला मोठा डबा. डबा ठेवायला बोटीत जागा एकच, मागच्या बाकाखालचा कप्पा. त्यात सहा लाइफ जॅकेट ठेवलेली होती. फ्यूजनं डॉक्टरला फोन करून सांगितलं, "जॅकेट पुढच्या कप्प्यात हलवतोय." डॉक्टर म्हणाला, हलव. पण पुढे बॅटरी होती, दोरखंड होता, जॅकेट काही बसेनात. फ्यूज तापला. सहाही जॅकेटांचा गठ्ठा बांधला, स्कूटरवर टाकला आणि दुकानात आणला. बोटीच्या कडेला आतून एक जाळी ठोकू, म्हणाला, तिच्यात ठेवू, शनिवारी. तो शनिवार गेला. पुढचाही गेला.

त्या गठ्ठ्यावर बसून मी रोज चारचा चहा प्यायचो. मऊ होता. एकदा म्हटलंही, "अरे, ही त्या बोटीतली ना? नेऊन टाक की."

"शनिवारी," तो म्हणाला.

मी परत विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या बारा तारखेला, रविवारी संध्याकाळी, बापलेक बोट घेऊन निघाले. गाणी लावली. टायपिस्टकाका मागच्या स्पीकरला कान लावून उभे होते. खूश होते, हसत होते म्हणे. शेजारून एक मोठी बोट वेगात गेली, लाट आली, आणि काकांचा तोल गेला. डॉक्टरनं कपड्यांनिशी उडी मारली. चार वेळा बुडी घेतली. काका सापडले ते रात्री, गळ टाकल्यावर.

फ्यूजला बातमी कळली तेव्हा अकरा वाजले होते. पहाटे पाचला तो गठ्ठा घेऊन धक्क्यावर गेला. वॉचमन झोपला होता. पुढचा कप्पा उघडून त्यानं जॅकेट गुडघ्यानं दाबून कोंबली. "बसली रे," तो मला नंतर म्हणाला. "दाबली तर सहाच्या सहा बसली. दहा मिनिटांचं काम होतं."

आठ वाजता पोलीस आले. कप्पा उघडला, सहा मोजली, लिहून घेतलं. झालं. जो तो म्हणायला लागला, बोटीत जॅकेट होती, म्हाताऱ्यानंच हट्टानं घातलं नाही. माझ्या दुकानात येणारी गिऱ्हाइकंही तेच बोलायची. मी मान डोलवायचो, आणि डोळ्याला भिंग लावून घड्याळात बघत बसायचो. भिंग लावलं की माणसाकडे बघावं लागत नाही.

महिन्यानं डॉक्टरनं बोट विकायला काढली. फ्यूजला म्हणाला, "आधी ते सगळं काढून ने. मला डोळ्यांसमोर नको." दिवसा जायची फ्यूजला लाज वाटत होती. धक्क्यावर कुणी ओळखीचं भेटलं, काही बोललं, तर?

नोव्हेंबरची सतरा तारीख. सोमवार. सात चाळीसला तो फाटकातून आत गेला. वॉचमन म्हणाला, "नऊला कुलूप लावतो हं," आणि आपल्या खोपटात जाऊन बसला. खोपट फाटकाशी, बोट धक्क्याच्या पार टोकाला. मध्ये दोनशे पावलं तरी असतील. चंद्र नव्हता. थंडी होती.

फ्यूजनं स्पीकर काढले, अ‍ॅम्प काढला. मग बाकाची फळी उचलली, टॉर्च दातांत धरली आणि गुडघ्यांवर बसून कप्प्यात डोकं घातलं. बारा स्क्रू होते. पाच निघाले. सहावा गंजलेला. जबडा दुखायला लागला म्हणून त्यानं टॉर्च खाली ठेवली, तर ती घरंगळली आणि विझली. तो शिवी हासडणार, तेवढ्यात पाठीमागून उजेड आला.

वॉचमनच आला असणार.

"बरं झालं आलात," फ्यूज म्हणाला. "जरा डावीकडे धरा."

उजेड हलला नाही.

त्यानं वळून न बघता हातानं खूण केली. उजेड डावीकडे सरकला.

सहावा निघाला. सातवा. आठवा. उजेड अगदी स्थिर. मग आवाज आला, म्हातारा, चौकशीचा.

"इथे आधी काय होतं?"

"काही नाही," फ्यूज म्हणाला. "रिकामीच होती जागा."

"काय?"

"रिकामी होती म्हटलं."

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

फ्यूजचा हात थांबला. पण तोंड थांबलं नाही. तो ओरडलाच. "काही नव्हतं इथे!"

पाण्यावरून ते परत आलं. नव्हतं इथे...

आणि दुरून, फाटकापासून, वॉचमनची हाक आली. "अहो, कुणावर ओरडताय? मी इकडे आहे!"

दुरून.

उजेड तसाच होता. मानेवर. हातांवर. स्क्रूवर.

"काय?" मागून. अगदी जवळून.

फ्यूजला वळता येईना. डोकं कप्प्यात. श्वास लाकडावर आपटत होता. पुन्हा एकदा खोटं बोलायला त्यानं तोंड उघडलं...

आवाज फुटेना.

उजेड वाट बघत होता. रागावलेला नव्हता, असं फ्यूज म्हणतो. तेच सगळ्यात वाईट होतं, म्हणतो. शाळेत मास्तर पाठीशी उभे राहतात ना, उत्तर येईल म्हणून... तसा.

मग तो बोलला. पुटपुटलाच. स्वतःलाही धड ऐकू येणार नाही इतकं हळू.

"जॅकेट होती. मी काढली. परत ठेवली नाहीत. तुम्ही गेल्यावर... आणून कोंबली."

...

"हं," मागून आलं. "आता ऐकू आलं."

उजेड गेला.

आठ छत्तीसला त्यानं मला फोन केला. मी घड्याळजी, वेळ माझ्या लक्षात राहते. एवढंच म्हणाला, "ये." मी गेलो. तेव्हा तिथे काय पाहिलं ते सांगतो, पण आधी पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत आम्ही डॉक्टरकडे गेलो. फ्यूजनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. डॉक्टर पेशंटच्या खुर्चीवर बसला. पाय लांब करायची ती खुर्ची, तिच्यात अवघडून, कडेला.

मग म्हणाला, "बाबा हट्टी नव्हते रे. त्यांनी मागितलं होतं. मी म्हटलं, राहू द्या बाबा, इथेच तर जाऊन येतोय. मी पुढचा कप्पा उघडलाच नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हटलं, ते घालायला तयार नव्हते." त्यानं हातांनी तोंड झाकलं. "महिनाभर लोक त्यांना हट्टी म्हणतायत. मी ऐकून घेतोय."

दोघंही त्याच दुपारी पोलिसांकडे गेले. जबाब बदलले. फ्यूजवर खटला भरला, तो अजून चालू आहे. गाळा त्यानं सोडला. डॉक्टर मात्र ज्याला त्याला थांबवून सांगतो, माझ्या वडिलांनी मागितलं होतं, मी दिलं नाही.

मी? मी दवाखान्यात दाराशी उभा होतो. माझ्या चहाबद्दल मी बोललो नाही. मला कुणी विचारलंही नाही. आज पहिल्यांदा बोलतोय, आणि तेही अंधारात.

तर त्या रात्री. मी पोचलो तेव्हा नऊला दहा कमी होती. फ्यूज धक्क्यावर उकिडवा बसला होता, बोटीकडे पाठ करून. वॉचमन कंदिलासारखा मोठा दिवा घेऊन उभा होता. फ्यूजनं नुसता अंगठ्यानं मागे इशारा केला.

मी दिवा घेऊन बोटीत वाकलो. दव पडलं होतं. बाक, कडा, सगळ्या फळ्या ओल्या, दिव्यात चकाकत होत्या. आणि कप्प्याच्या मागे, जिथे फ्यूज गुडघ्यांवर बसला असेल त्याच्या हातभर मागे, दोन कोरड्या जागा. पावलांच्या. अनवाणी. बोटं कप्प्याकडे.

कुणीतरी दव पडायच्या आधीपासून तिथे उभं असणार, एवढंच ना? मीही मनाशी तेच म्हटलं. उभा होता, गेला.

आम्ही तिघं तिथे थांबलो. वॉचमननं कुलूप लावलं नाही. साडेनऊ झाले. दहा झाले. दव वाढत चाललं होतं. माझ्या बाहीवर पडलं, चष्म्यावर पडलं, फळ्यांवरून थेंब ओघळायला लागले.

त्या दोन जागांवर पडत नव्हतं.