घोडकाठचा शिकारी

"मेंढरं आडवी घाल, बिरदेव! जेसीबी आला!" अंकिता दरडीवरून ओरडली.

बिरदेवने शीळ घातली. त्याच्या आज्जीची, कुशाबाईची, मेंढरं धूळ उडवत उतरली आणि थेट जेसीबीसमोर दाटीवाटीने उभी राहिली.

"अरे, हटाओ भाई इनको!" ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबला.

"हटत न्हाईत ओ! उन्हानं डोकं फिरलंय त्यांचं!" मामाच्या शेजारच्या घरातला संघर्ष रडवेल्या तोंडाने म्हणाला. हसू दाबताना त्याचे गाल फुगले होते.

अंकिताला मात्र हसू येईना. मे महिन्याच्या सुट्टीत ती दौंडहून मामाकडे, कवठे येमाईला आली होती. कालच या तिघांना घोड नदीच्या दरडीत एक कवटी दिसली होती. दगड झालेली, अर्धी मातीत रुतलेली आणि बाकदार चोचीची! खाली एक काळं, जड नख पडलं होतं.

"बकरीचं शिंग असंल," संघर्ष म्हणाला होता.

पण विजेच्या खांबाखाली मरून पडलेली घार बिरदेवने शोधून आणली. नखाशेजारी नख ठेवलं. तोच बाक! फक्त हे नख दुप्पट मोठं!

अंकिताने सुवर्णा मॅडमना फोटो पाठवला. त्या जीवाश्मांचा अभ्यास करायच्या आणि तिच्या शाळेत व्याख्यानाला येऊन गेल्या होत्या. लगेच त्यांचा फोन आला. "कवटीला हात लावू नका! पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, दगड व्हायच्या आधीच चुरा होतो त्यांचा. त्यात शिकारी पक्षी आधीच थोडे. मी उद्या येते!"

आणि आज मामा, मारुतराव, ठेक्याने घेतलेल्या वस्तीच्या रस्त्यासाठी त्याच दरडीचा मुरूम काढायला निघाला होता!

मोटारसायकलवरून तो आला, तेव्हा मेंढरांमध्ये अडकलेला जेसीबी पाहून त्याने कपाळाला हात लावला. "हाडापायी रस्ता आडवता व्हय रं?"

"मामा, पाया पडते! आजचा दिवस थांबा!"

भाचीच्या डोळ्यांत पाणी बघून मामा विरघळला. "बरं, न्हाई काढत हितला. जा!"

जेसीबी माघारी गेला. "जिंकलो!" करत तिघं मॅडमना आणायला स्टँडकडे पळाली.

त्यांना घेऊन परत आली, तेव्हा दरडच नव्हती.

तिथे ताजा, लालसर खड्डा होता. भरलेला डंपर रस्त्याच्या दिशेने चढत होता.

"आयला, दुसऱ्या जेसीबीवाल्याला सांगायचं राह्यलंच की!" मागोमाग पोचलेला मामा पुटपुटला.

डंपर गाठेपर्यंत मुरूम पसरून त्यावरून रोलर फिरलाही होता. दिवस मावळेपर्यंत चौघांनी उरलासुरला ढीग बोटांनी चाळला. बिरदेवची नखं फुटून रक्त आलं. हाती आल्या फक्त दगडाच्या कपच्या.

अंकिताने जपून ठेवलेलं ते काळं नख मॅडमनी ओंजळीत धरलं. "शिकारी पक्ष्याचंच आहे. फार फार जुन्या काळातलं. पण कोणता, ते नाही सांगता येणार."

"का? गरुडच असंल की!" संघर्ष म्हणाला.

"गरुड आणि ससाणा, दोघांचीही नखं वाकडी. पण ससाणा गरुडापेक्षा पोपटाला जवळचा. शिकार करता करता दोघांची नखं वेगवेगळ्या वाटांनी सारखी होत गेली. एवढ्या एका नखावरून घराणं कसं ओळखू? फोटोत अर्धीच दिसते, अख्खी कवटी हवी होती रे..."

एरवी 'पोपटाला' ऐकून संघर्ष लोळून हसला असता. आज तो मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी, नख सापडलं म्हणून पारावर तिघांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो! "पोरांनी गावाचं नाव काढलं!" मामाने अंकिताच्या पाठीवर थाप मारली. "माझी भाची हाय ही!"

टाळ्या थांबल्यावर अंकिता हळूच म्हणाली, "मामा, तो शिकारी कोण होता हे आता कुणालाच, कधीच कळणार नाही."

मामाचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला. वस्तीकडून रोलरचा आवाज येत होता.