वादळाच्या डोळ्यातले तीन ठिपके

आमच्या संस्थेच्या साहेबांनी चक्रीवादळांवर बरीच भाषणं दिली आहेत. वादळात ते एकदाही गेलेले नाहीत. त्यांना लिफ्टमध्येसुद्धा मळमळतं.

वादळात जायचो आम्ही तिघं. विमान माझी धाकटी बहीण चालवायची. मधल्या खुर्चीवरचा गडी दाब आणि वारा मोजणाऱ्या नळ्या छोटी छत्री लावून खाली सोडायचा, म्हणून त्याचं नाव नळकांडे. मागे रडारवर मी.

हे रडार काय करतं ते समजायला सोपं आहे. विमान सरळ पुढे जातं आणि शेपटीतली तबकडी गोल फिरत आडव्या दिशेने लहरी सोडते. काकडीच्या चकत्या काढाव्यात तशा वादळाच्या चकत्या निघतात. पावसाचे थेंब लहरी परत पाठवतात. थेंब जवळ येतोय की लांब जातोय, तेही त्यातून कळतं. चकत्या पुन्हा जोडल्या की वादळाचं पोट दिसतं. बाहेर पावसाचे पट्टे, आत ढगांची उभी भिंत, आणि मधोमध शांत, जवळजवळ रिकामा डोळा.

वाऱ्याबरोबर जे हलत नाही, तो आमच्या लेखी कचरा. समुद्राचा पृष्ठभाग, एखादं जहाज. हा कचरा पुसायला साहेबांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. आम्ही त्याला झाडू म्हणायचो. साहेब त्याचं असं कौतुक सांगायचे, जशी काही वादळंही त्यांनीच पाळली होती. चित्र स्वच्छ हवं, एवढीच त्यांची विद्या. ते खरं आहे का, हा प्रश्न त्यांना कधी शिवला नाही.

त्या दुपारी भिंत ओलांडून आम्ही डोळ्यात शिरलो. हादरे थांबले. डोक्यावर निळं आकाश, चहूबाजूंनी पांढरेशुभ्र ढग. रडारवर मात्र डोळ्याच्या मध्यभागी, आमच्याच उंचीवर, तीन ठिपके होते. एक पुढे, एक मधे, एक मागे.

"पक्षी असतील," मी म्हणालो. "डोळ्यात अडकतात बिचारे."

नळकांडेने माझ्या पडद्यात डोकं घातलं. "पक्षी असे एका जागी थांबतात? आणि आपल्यासारखे रांगेत?"

"मग उतर आणि विचार त्यांना."

पुढून बहीण हसली. "दादा, त्याला आधी छत्री तरी दे!"

तो पुटपुटत जागेवर जाऊन बसला. मी चित्र खाली पाठवलं. थोड्या वेळाने रेडिओवर साहेब आले.

"ही काय घाण पाठवलीत? झाडू फिरवला, मधला ठिपका गेला. बाकीचे दोन चिवट आहेत."

मी मान वर केली. मधली खुर्ची रिकामी होती. पट्टा लावलेलाच होता, एका पोटापुरती जागा सोडून.

"छोटे, नळकांडे कुठे गेला?"

"कोण?"

"नळ्या सोडणारा!"

"नळ्या तूच सोडतोस की, दादा. डोकं दुखतंय का? पाणी पी जरा."

ती थट्टा करत नव्हती. तिची थट्टा मी ती बोबडं बोलायची तेव्हापासून ओळखतो.

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. म्हणून रीतीने तपासलं. दार बंद होतं. आतल्या हवेचा दाब जसाच्या तसा. सामानाच्या कप्प्यात कोणी नाही. खुर्चीवर हात ठेवला. ती गरम होती.

पडद्यावर आता एक ठिपका पुढे होता आणि एक मागे.

मी रेडिओ उचलला. "साहेब, उरलेले ठिपके राहू द्या."

"का? नातेवाईक आहेत तुमचे?"

"हो."

खाली कोणीतरी खदखदून हसलं. "अहो, संध्याकाळी मंत्री येतायत," साहेब म्हणाले. "त्यांना काय दाखवू, कुसळ गेलेला डोळा?"

मी पाठवणीची तार उपटून टाकली.

"चित्र आहे माझ्याकडे," रेडिओ म्हणाला. "झाडू जरा कडक करतो, बस्स."

"छोटे, बाहेर काढ विमान. आत्ता."

"काढते. पण झालंय काय तुला?"

"काही नाही. तू बोलत राहा. काहीही बोल."

"काय बोलू? आईला फोन कर. तू करत नाहीस आणि बोलणी मी खाते. परवा म्हणाली, तुझ्या दादाला..."

विमान भिंतीत शिरलं. हादऱ्यांनी पट्टा खांद्यात रुतला. उठणं शक्य नव्हतं.

मी हाक मारली.

पुन्हा मारली.

मग मी माझे हात पाहिले. ते होते.

विमान भिंतीतून बाहेर आलं, वळलं आणि धावपट्टीवर अलगद उतरलं. इंजिनं एकामागून एक बंद झाली.

शिडी लागल्याबरोबर साहेब टाळ्या वाजवत आत आले. "एकट्याने आणलंत असल्या वादळातून! वा! आणि चित्र कसं आरशासारखं झालंय. मागे एक ठिपका राहिलाय, त्याचं उद्या बघू."

"मला विमान चालवता येत नाही," मी म्हणालो.

साहेब हसले. विनयाचं त्यांना नेहमीच हसू येतं.

मी पुढे जाऊन पाहिलं. वैमानिकाची खुर्ची इतकी पुढे ओढलेली होती, की माझे गुडघे तिथे मावलेच नसते.