मीठ गल्लीची सावली

"लग्नाच्या चौकशा बंद आहेत. पुढच्या आठवड्यात या," दाराची कडी वाजताच दाक्षायणीबाई आतूनच म्हणाल्या.

"लग्न न्हाय ताई. गल्लीचं काम हाय."

आवाज ओळखून त्या बाहेर आल्या. दारात मीठ गल्लीतले भांड्यांचे व्यापारी बसप्पाअण्णा उभे होते. धोतर नेहमीसारखं पांढरंशुभ्र, चेहरा मात्र उतरलेला.

सोलापुरात खाजगी गुप्तहेर म्हटलं की लोक हसायचे, तेही बाई म्हटल्यावर तर विचारायलाच नको. म्हणून दाक्षायणी हिरेमठांच्या दारावर 'लग्नाच्या चौकशा' एवढीच पाटी होती. नवरामुलगा खरंच नोकरीत आहे का, हे शोधता शोधता त्यांनी दोन चोर आणि एक खुनीही धरून दिला होता. पाटी तीच राहिली. पोलिसातून निवृत्त झालेले जमादार कोंडीबा त्यांचे मदतनीस. अंगाने दांडगे, मनाने सरळ आणि डोक्याने जरा सावकाश.

"काल दुपारी आमचा मांडव कुणीतरी पाडला," अण्णा म्हणाले. "माझ्या सज्ज्याला बांधलेला मधला मुख्य दोर कापला. सगळ्यांनी जालिंदर शिंप्यावर आळ घेतलाय. पोरगं निर्दोष हाय. तेवढं सिद्ध करून द्या."

"आणि पाडला कुणी, ते?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ते कळलं तर कळलं. पयलं त्याचं बघा की. आज दिवेलागणीला व्यापाऱ्यांच्या मंडळाची बैठक हाय. त्याला गल्लीतनं काढायचं म्हणतायत."

"तुम्ही काल कुठे होता?"

"दुकानातच. दुपारचं एक गिऱ्हाईक न्हवतं. दार लोटून गादीवर पडलो होतो. धाडकन आवाज आला तवा उठलो."

मांडवाची गोष्ट साऱ्या सोलापूरला ठाऊक होती. एके काळी दुधनीपासून करमाळ्यापर्यंतची लग्नं मीठ गल्लीत उभी राहायची. बस्ता इथे, बांगड्या इथे, रुखवताची भांडी इथे. मग बहात्तरचा दुष्काळ आला, लग्नं आटली, आणि पाऊस परतला तरी गिऱ्हाईक परतलं नाही. ते स्टँडजवळच्या नव्या दुकानांत जाऊ लागलं. यंदा, चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, अण्णांनी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या व्यापाऱ्यांना एका सतरंजीवर बसवलं. ज्याची बोहणी झाली त्याने पुढचं गिऱ्हाईक बोहणी न झालेल्याकडे पाठवायचं, असं ठरलं. आणि सोलापूरच्या उन्हात बायामाणसं खरेदीला यावीत म्हणून गल्लीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव घालायचा. प्रत्येक दुकानाने कापड दिलं. जालिंदरने ते सारं जोडून शिवलं. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन व्हायचं होतं, आणि मांडव बघायला म्हणूनच माणसं आत्तापासून गल्लीत डोकावू लागली होती.

आता तो मांडव गल्लीच्या तोंडाशी फाटक्या ढिगाऱ्यासारखा पडला होता. शेजारी आपापलं कापड उसवून न्यायला दोघे-तिघे आलेले.

अण्णांचं दुकान ओळीत मधोमध होतं. वर जुना लाकडी सज्जा. त्याच्या कठड्याला दोराचा तुकडा अजून लोंबत होता. कोंडीबा त्याच्या बरोबर खाली उभे राहून वर बघू लागले आणि लगेच खांदा झटकत बाजूला झाले.

"वर तपकीर वढत बसलंय का कोण? नवा सदरा हाय माझा!"

पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस भुकटी पडली होती. दाक्षायणीबाईंनी ती बोटावर घेतली, हुंगली आणि रुमालाला पुसली.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तांब्याचे मोठाले हंडे जमिनीवर दाटीवाटीने ठेवले होते.

"अण्णा, ही उतरंड दरवर्षी वर सज्ज्यात असते. लांबून दिसते म्हणून."

"पुसायला खाली काढलेत."

बाईंनी एका हंड्यावरून बोट फिरवलं. धुळीत रेघ उमटली.

"मी जरा वर जाऊन दोर बघते."

"नको ताई," अण्णा जिन्याच्या आड आले. "वर लई पसारा हाय. दुसरं टोक देतो की."

त्यांनी मांडवाकडचं टोक आणून दिलं. काथ्याचा मनगटाएवढा दोर. तोंड सपाट, आणि एका बाजूने दाबून चेपल्यासारखं.

पहिली गाठ पडली ती रावजी शेठची. ओळीतलं सगळ्यात मोठं कापडाचं दुकान त्यांचं.

"यात शोधायचं काय?" ते म्हणाले. "परवा भांडण झालं. मला मंडळात घ्या म्हणत होता. आता मांडव शिवला म्हणून काय आमच्या बरोबरीनं बसणार? आमच्यातला तरी हाय का तो? मी नाही म्हटलं. लगेच काल दोर कापलेला, आणि मांडव उचलला तर खाली त्याची कात्री!"

"मांडवाखाली?"

"खाली, अण्णाच्या पायरीपाशी. मी माझ्या हातानं उचलली."

"तुम्ही कुठे होता?"

"दुधनीचा बस्ता होता. वऱ्हाडच्या वऱ्हाड दुकानात बसलेलं. विचारा की कुणालाबी."

"इथे लॉज बांधू बघणारे जागेसाठी तुमच्याकडे फेऱ्या मारतात म्हणे."

शेठ जरा वरमले. "मारतात. पण माझ्या एकट्याचं विकून भागत नाही. सगळी ओळ एका तुळईवर उभी हाय. म्युन्शिपालटीनं धोक्याची ठरवली तरच रिकामी व्हायची."

बांगड्यांच्या मीनाबाईंचं दुकान अण्णांना लागूनच. दाक्षायणीबाईंनी हात पुढे केला, हिरवा चुडा भरून घेतला आणि भरता भरता विचारलं, "काल दुपारी काही ऐकलंत?"

"न्हाय बाई. समदा शुकशुकाट. वारं तेवढं सुटलं हुतं. पेंगत बसले हुते मी. अण्णाचं भांड्यावर नाव घालायचं टकटक चाललं हुतं, त्येवढंच. त्ये रोजचंच की. मग धाडकन मांडव खाली. माज्या दोन काचा फुटल्या!"

"जिन्यावरून कुणी गेलं-आलं?"

"जिना अण्णाच्या दुकानाच्या आतनं हाय. मला कसं दिसंल?"

जालिंदर अण्णांच्या ओट्याच्या कडेला, शिलाई मशीनजवळ बसला होता. तिशीतला, काटक. समोर काम नव्हतं आणि तरी तो उठून गेला नव्हता.

"कात्री तुझीच?"

"व्हय. अण्णाच्या पायरीवर बसून मांडवाची शेवटची कड शिवत हुतो. भूक लागली म्हणून घरी जेवायला गेलो. कात्री पायरीवरच राह्यली."

"कुणी पाहिलं का तुला जाताना?"

"त्या उनात कोण बघतंय? घरची हुती, पर घरच्यांचं कोण धरतंय?"

बाईंनी कात्री मागितली. रावजी शेठने ती पुरावा म्हणून कुलपात ठेवली होती, ती काढून दिली. मांडवाच्या ढिगातली एक मलमलीची चिंधी घेऊन त्यांनी कात्री चालवली. चिंधी एकाही धाग्याला न अडखळता कापली गेली.

"ह्या कात्रीला मी कागद लावू देत न्हाय कुणाला," जालिंदर म्हणाला. "दोर कापीन व्हय?"

परत फिरताना कोंडीबांनी आपला अंदाज सांगितला. "बाई, रावजीच. स्वतः दुकानात बसला आणि माणूस पाठवला वर. लॉजवाल्याचा पैसा खाल्लाय त्यानं."

"तसं निघालं असतं तर किती बरं झालं असतं, कोंडीबा," बाई म्हणाल्या.

दिवेलागणीला व्यापारी रावजी शेठच्या दुकानात जमले. जालिंदर उंबऱ्याबाहेर उभा होता. अण्णा खांबाला टेकून बसले होते.

"दोर सज्ज्यात उभं राहून कापला," दाक्षायणीबाईंनी सुरुवात केली. "जालिंदरने तो कात्रीने कापला असता आणि कात्री त्याच्या हातून निसटली असती, तर आधी मांडव पडला असता आणि मग कात्री. म्हणजे ती मांडवावर सापडायला हवी होती. शेठनी ती मांडवाखालून काढली. तेव्हा मांडव पडला त्याच्या आधीपासूनच ती खाली होती, जालिंदर म्हणतो तशी. शिवाय मनगटाएवढ्या काथ्यावर चालवली असती तर तिची धार गेली असती. ती आजही मलमल कापते." त्यांनी कात्री उंबऱ्याबाहेरच्या जालिंदरच्या हाती दिली.

दुकानात चुळबुळ झाली. कुणीतरी घसा खाकरला.

"झालं की," अण्णा घाईने म्हणाले. "पोरगं सुटलं. ताई, तुमचं काम झालं."

दाक्षायणीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या रुखवताची भांडी अण्णांच्या दुकानातली होती, अण्णांनीच त्यांच्यावर नावं घातली होती. इथे थांबावं असं त्यांना फार वाटलं.

"मग कापला कुणी?" रावजी शेठनी विचारलं. "ते कळल्याबिगर कसं उठायचं?"

"दोराचं तोंड सपाट आणि चेपलेलं आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "सुरीने घासून कापलेला दोर असा होत नाही. कठड्यावर धरून, छिन्नी ठेवून, वर हातोडीचे घाव घातले की होतो. मीनाबाईंनी मांडव पडण्याआधी टकटक ऐकली. भांड्यावर नाव घालताना होते तशी. गल्लीच्या कानाला तिची इतकी सवय आहे की तो आवाज त्यांनी आवाजात धरलाच नाही. पण नाव घालतात ते भांडं विकल्यावर, गिऱ्हाईक पुढ्यात उभं असताना. आणि काल दुपारी दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं, असं अण्णांनी मला आपण होऊन सांगितलं."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या.

"काहीतरीच!" मीनाबाई म्हणाल्या. "अण्णानंच तर मांडव हुबा केला!"

"म्हणूनच मला कारण सापडत नव्हतं. ते कोंडीबांच्या सदऱ्यावर पडलं. ती तपकीर नव्हती, पोखरलेल्या लाकडाचा भुसा होता. सज्ज्यातले हंडे अण्णांनी पुसायला काढले म्हणाले, पण पुसलेला त्यातला एकही नाही. ते खाली आणले वजन कमी करायला. म्हणूनच मला वर जाऊ दिलं नाही. सज्जा पडायला आलाय. होय ना, अण्णा?"

अण्णा खांबापासून सरकून पुढे बसले.

"वारं सुटलं," ते म्हणाले. "मांडव फुगला. मी पडलो होतो तर वरनं करकर ऐकू आली. वर जाऊन बघतो तर तुळईचं टोक भिंतीतनं सुटायला लागलेलं. आतनं सगळी पोकळ. गाठ सोडायला गेलो, ती आवळून दगड झाली होती. छिन्नी आणली. खाली कोण न्हाय बघून दोर तोडला. वाटलं, वाऱ्यानं तुटला म्हणतील, उद्या समोरच्या लिंबाच्या झाडाला बांधू. पण खाली त्याची कात्री निघाली."

"आणि तुम्ही गप बसलात," रावजी शेठ पुटपुटले.

"तुळई सांगितली असती तर तुझंबी दुकान गेलं असतं की, रावजी. समद्यांची ओळ रिकामी केली असती. आत्ता कुठं माणसं यायला लागली होती. एका पोरावर दोन दिवस आळ आला तर येऊ दे, म्हटलं. ताईंना आणून सोडवतो त्याला."

"सोडवलंत, अण्णा," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "पण सज्जा अजून तिथंच आहे. उद्या त्याच्याखालून लेकुरवाळ्या बाया जाणार. हे मला पोटात ठेवता येणार नाही."

"ठेवू नका," अण्णा म्हणाले. "मलाच न्हवतं जमत."

पुढे अण्णांना ज्याची भीती होती ते सगळं झालं. म्युनिसिपालिटीची माणसं आली, तुळईत छिन्नी घातली तर ती मुठीपर्यंत आत गेली. पावसाळ्याआधी ओळ रिकामी झाली. रावजी शेठ स्टँडजवळ गेले, मीनाबाई मंगळवारच्या बाजारात बसू लागल्या, आणि एका सतरंजीवर बसलेली माणसं पुन्हा कधी एकत्र बसली नाहीत. गुन्हा उलगडल्याचं दाक्षायणीबाईंना वाईट वाटलं, असं ते एकच प्रकरण.

पण त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी रावजी शेठ गादीवर सरकले आणि त्यांनी शेजारची जागा थोपटली.

"जालिंदर, झालं गेलं विसर. आत ये. बस हितं. आजपासनं तू मंडळात."

जालिंदर उंबऱ्याबाहेरच राहिला. "शेठ, तुमी काल मला 'का कापलास?' म्हणून इचारलं. समद्यांनी त्येच इचारलं. 'कापलास का?' असं एकानंबी इचारलं न्हाय."

तो ओट्याकडे गेला. कोपऱ्यावरचा हातगाडीवाला त्याने आधीच बोलावून ठेवला होता. कात्री, मोजायची पट्टी, रिळांचा डबा त्याने गाडीवर ठेवला. राहिलं मशीन.

अण्णा बैठकीतून उठून त्याच्यामागे आले होते. त्यांनी वाकून मशीनच्या एका बाजूला हात घातला. जालिंदर क्षणभर थांबला.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर अण्णांना सोपं गेलं असतं. "जड हाय. तुमच्यानं व्हायचं न्हाय."

त्याने अण्णांचे हात हलकेच बाजूला केले आणि मशीन एकट्याने उचललं.